म्हणे ‘जखम बघा, हत्यार ओळखा’

चार दिवस गावच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, ‘पोस्टमॉर्टेमची वाट बघू नका, जखमच सगळं सांगते’, खाली चार नियम. मी डॉक्टर नाही, मालवणच्या बाजूला एका दवाखान्यात 12 वर्षं ड्रेसिंग करतोय, पण हे वाचून गप्प बसवेना.

पहिला नियम, कडा सरळ म्हणजे कोयता नाहीतर सुरी. अजिबात नाही. डोकं, भुवई, नडगी, जिथे कातडीखाली लगेच हाड आहे तिथे नुसत्या आपटण्यानेही कातडी चिरल्यासारखी फाटते. गेल्या पावसात आमचे काका शेवाळलेल्या पाखाडीवर, म्हणजे दगडी पायवाटेवर, घसरले, भुवई चिऱ्याच्या कोपऱ्यावर, आणि चीर इतकी सरळ की शेजारी विचारतायत, ‘कोणी वार केल्यान रे?’ डॉक्टरांनी चिमट्याने कडा बाजूला केल्या तर आत कातडीखालचे बारीक धागे या काठापासून त्या काठापर्यंत ताणलेले, कडा चेचलेल्या, वर जांभ्याची तांबडी माती. धारदार पात्याने हे धागे तुटलेच असते, केसही कापले गेले असते, इथे ते मुळाशी चेपलेले. पोलीस केस असती तर हा फरक मोठा, कारण कापायच्या हत्याराने दुखापत केली की भारतीय न्याय संहितेचं कलम 118 लागू शकतं. (हा मेसेज मला काकांनीच पाठवलाय, आता काय बोलायचं.)

दुसरा, भोसकल्याची जखम जेवढी रुंद-खोल तेवढं पातं. अहो कातडी ताणलेली असते, वार कुठल्या दिशेने बसला त्यावर जखम उघडी पडते नाहीतर मिटते, सुरी आत हलली तर रुंदी वाढते. पोट तर आत दबतं, त्यामुळे आखूड पात्याची जखमही पात्याहून खोल जाऊ शकते.

तिसरा, मुक्या माराच्या रंगावरून दिवस मोजा. लाल-जांभळा, निळा, हिरवट, पिवळा हा क्रम साधारण खरा, पण वेग वय, जागा, मार किती खोल यावर बदलतो, आणि आपल्या सावळ्या कातडीवर पिवळा दिसायलाच कठीण. पिवळा रंग 18 तासांच्या आत सहसा येत नाही, एवढंच त्यातल्या त्यात धरता येतं. शिवाय मार कपाळाला आणि काळा होतो डोळा, कारण रक्त खाली उतरतं.

चौथा नियम सगळ्यात वाईट, समुद्रातून आलेल्या प्रेतावर जखमा म्हणजे घातपात. प्रेत पालथं तरंगतं, कपाळ, हाताची मागची बाजू, गुडघे खडकावर घासतात, त्या खडकांवर धारदार शिंपल्यांची कालवं असतात, अनवाणी चाललेल्या कोणालाही विचारा कशी कापतात ती. पापण्या, ओठ, कान कुर्ल्या आणि मासे खातात. आणि उलटंही होतं, जिवंतपणी झालेल्या वाराचं रक्त पाण्याने धुऊन जातं, जखम फिकट दिसते नि बघणारा म्हणतो मेल्यावरची असणार. तेव्हा जखमेचा तुकडा मायक्रोस्कोपखालीच बघावा लागतो, किनाऱ्यावर उभं राहून काढलेल्या मोबाईलच्या फोटोत ते दिसत नाही.