डेडवुडला गेलात तर १८६८ बद्दल नक्की विचारा

अमेरिकेत साउथ डकोटाला जाणारे आपले बरेच लोक माउंट रशमोरचे चार चेहरे बघतात आणि परत फिरतात. तिथून गाडीने तासाभरावर डेडवुड हे सोन्याच्या खाणींच्या काळातलं जुनं गाव आहे. जरूर जा. मुख्य रस्त्यावर दोन्ही बाजूंना जुन्या विटांच्या इमारती आणि आत कसिनो.

गावाची लाडकी गोष्ट वाइल्ड बिल हिकॉक या नामांकित बंदूकबाजाची. २ ऑगस्ट १८७६ ला पत्ते खेळत असताना जॅक मॅकॉलने त्याला मागून गोळी घातली. उन्हाळ्यात भर रस्त्यात हा प्रसंग नाटक करून दाखवतात, खटलाही दाखवतात. गावातल्या खाणवाल्यांच्या कोर्टाने मॅकॉलला चक्क सोडून दिलं होतं. पुढे यँक्टन या शहरात पुन्हा खटला चालला आणि १८७७ मध्ये तो फासावर गेला. एकाच खुनासाठी दोन खटले कसे? कारण डेडवुडमधलं कोर्टच बेकायदा होतं. ती जमीन अमेरिकेच्या वसाहतवाल्यांची नव्हतीच! डेडवुड ज्या टेकड्यांत आहे त्या ब्लॅक हिल्स, १८६८ च्या फोर्ट लॅरामी तहाने लाकोटा या मूळ अमेरिकन जमातीच्या होत्या. १८७४ मध्ये अमेरिकी लष्करातल्या कस्टरच्या मोहिमेत तिथे सोनं सापडलं आणि तह गुंडाळून ठेवला गेला. शेजारच्या लेड गावातली होमस्टेक ही सोन्याची खाण पुढे थेट २००२ पर्यंत चालली. तिथून सुमारे ४ कोटी औंस सोनं निघालं.

माझा राग जुगारावर नाही. १९८९ मध्ये इथे जुगार कायदेशीर झाला, त्याच्या उत्पन्नातला वाटा जुन्या वास्तूंच्या जतनाला मिळतो आणि तो कामी आलेला डोळ्यांना दिसतो. पण जतन कशाचं होतं, हेही बघायला हवं. इथे मोठी चिनी वस्ती होती. फी ली वाँग या व्यापाऱ्याच्या विंग त्सू दुकानाच्या इमारती २००५ मध्ये पाडल्या गेल्या, म्हणजे जुगाराचा पैसा येत असतानाच. हिकॉकच्या नावावर मात्र अख्खा रस्ता चालतो.

१९८० मध्ये सुप्रीम कोर्टाने ब्लॅक हिल्सबद्दल भरपाई मंजूर केली, १० कोटी डॉलरहून जास्त. लाकोटांनी ती घेतली नाही. व्याजासकट रक्कम अब्ज डॉलरच्या पुढे गेलीय, तरी नाही. त्यांना टेकड्या परत हव्या आहेत, आणि ते बरोबर आहे असं मला ठामपणे वाटतं.

म्हणून सांगते, खटल्याचं नाटक बघाल तेव्हा दुसरा खटला का झाला, हे तिथल्या गाइडला मुलांसमोर विचारा.