पेलेट स्टोव्हमध्ये मीठ? दृष्ट काढायची असेल तर ठीक

थंडी पडली की जर्मनीतल्या मराठी व्हॉट्सॲप गटांत एक मेसेज उगवतो : "पेलेट स्टोव्हची ऑटो-क्लीनिंग अडकली? पाच मिनिटांत मोकळी करा, मेकॅनिकचे पैसे वाचवा!" काल तो मावसभावाकडून आला, खाली "दादा, करून बघू का?" नको रे बाबा. म्हणून त्या मेसेजमधला एकेक उपाय घेऊन एकदाच लिहून टाकतो. पेलेट स्टोव्ह म्हणजे लाकडाच्या भुशाच्या दाबून केलेल्या कांड्या (पेलेट) जाळणारी शेगडी. पेलेट जळतात ती वाटी म्हणजे पॉट. ऑटो-क्लीनिंगमध्ये मोटर या पॉटची तळपट्टी सरकवते आणि राख खालच्या ट्रेमध्ये पडते.

"पेटत्या पॉटमध्ये मूठभर मीठ टाका, क्लिंकर सुटून येतो." कोळशाच्या काळात काजळीसाठी लोक मीठ टाकत, तिथून हे आलं असावं. पण पॉटची तळपट्टी अडवते ती काजळी नव्हे. तो असतो क्लिंकर : वितळून पुन्हा थिजलेली राख, काचेसारखी कडक. सोडियम-पोटॅशियम वाढलं की राख कमी तापमानाला मऊ होते. गवताच्या पेंढ्याची राख लाकडाच्या राखेआधी वितळते ती याचमुळे. मीठ तर स्वतःच ८०१ अंश सेल्सिअसला वितळतं. म्हणजे क्लिंकर सोडवायला तुम्ही क्लिंकरचंच विरजण घालताय. शिवाय क्लोरीन. ईएनप्लस ए-१ (पेलेटचा वरचा दर्जा) पेलेटमध्ये क्लोरीनची मर्यादा ०.०२ टक्के, म्हणजे १५ किलोच्या पोत्यात जास्तीत जास्त ३ ग्रॅम. मूठभर, समजा ३० ग्रॅम मिठात ते साधारण १८ ग्रॅम असतं. सहा पोत्यांचा कोटा एका मुठीत! हा क्लोरीन पॉटचं स्टील आणि धुराची वाट दोन्ही खातो.

"एरर आली तर दाबाच्या स्विचच्या दोन वायरी जोडून टाका." हे लिहिणाऱ्याला हात जोडावेसे वाटतात. धूर बाहेर ओढला जात नसेल तर पेलेटचा पुरवठा बंद पाडणं हेच त्या स्विचचं काम. वायरी जोडल्या की ओढ नसतानाही ऑगर (पेलेट पॉटमध्ये आणणारा फिरता स्क्रू) पेलेट ढकलत राहतो, आणि धूर व कार्बन मोनॉक्साइड बैठकीच्या खोलीत येतात. त्या वायूला वास नसतो. शोर्नश्टाइनफेगर, म्हणजे धुराडी साफ करणारा नि तपासणारा माणूस, दिसणं इथे शुभ मानतात, पण अशा वायरी त्याला दिसल्या तर तुमचं शुभ तिथेच संपलं.

"प्लग काढून रीसेट करा." पेटता स्टोव्ह असा बंद केला की धुराचा पंखा थांबतो, पेलेट धुमसत राहतात. बटणाने बंद करा, पंखा आपोआप थांबेपर्यंत थांबा, मग प्लग.

"डब्ल्यूडी-४० मारा." पेट घेणारा स्प्रे, आगीच्या पेटीत. पुढे बोलायची गरज आहे का?

"पेलेट बदला." हे बरोबर आहे, नाइलाजाने मान्य. ए-१ मध्ये राख ०.७ टक्क्यांपर्यंतच असते आणि ती १२०० अंशांच्या आत मऊ होता कामा नये. पण चांगले पेलेट पुढचा क्लिंकर टाळतात, आत्ता अडकलेला काढत नाहीत.

तो काढायचा असा. स्टोव्ह पूर्ण गार, प्लग बाहेर. आधी राखेचा ट्रे रिकामा करा. तो भरून ढीग तळपट्टीला टेकला असेल तर बिघाड एवढाच. ट्रेतली राख झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात. साध्या व्हॅक्यूमने ओढू नका. राखेत निखारा दडलेला असतो, हवेच्या ओढीने फुलतो. मग पट्टीच्या कडा आणि ती ज्यांत सरकते त्या दोन्ही खाचा स्क्रेपरने खरवडा. पेलेटमधून आलेला खिळा किंवा खडा खाचेत बसलेला सापडतो, तोही बघा.

आता मोटरचा दांडा पट्टीपासून सोडवा आणि पट्टी हाताने सरकवा. ती सहज सरकली तर दोष मोटरकडे : गिअरचे दात झिजलेत, दांड्यावरचा स्क्रू ढिला झालाय, किंवा 'पट्टी बंद झाली' हे बोर्डाला सांगणाऱ्या लिमिट स्विचवर राख बसलीय. हातानेही अडली तर क्लिंकर उरलाय नाहीतर पट्टी वाकलीय. तिच्यावर स्टीलची मोजपट्टी आडवी ठेवा, मधे फट दिसली तर वाकलीय. नवी घाला, ठोकत बसू नका. बिडाची असेल तर तडकेलच.