पिस्ता, लव्हेंडर आणि भिजलेला चुना

वीस वर्षं कुलूप लागलेलं गावचं घर रंगवायचं ठरलं, की त्या वीस वर्षांत एक कौलही सरळ न केलेल्या सगळ्या भाऊबंदांना रंगाबद्दल मत फुटतं. काका पिस्ता म्हणतात, मेहुणे लव्हेंडर. मी म्हणतो, जरा दारात उभं राहून सिन्नरचा माळ बघा: काळा दगड, तांबूस मुरूम, दिवाळीनंतर पिवळं पडलेलं गवत. तिथे पिस्ता रंगाचं घर म्हणजे दशक्रियेला फेटा बांधून आलेला जावई.

मातीच्या भिंतीला प्लास्टिक पेंट तर नकोच. जोत्यातून ओल वर चढते. चुन्यातून ती निघून जाते, प्लास्टिकखाली कोंडते. मग श्रावणात भिंतीवर पापड वाळत घातल्यासारखे पापुद्रे. भेगांत सिमेंटही भरू नका, ते माती धरत नाही, पडताना तिलाच घेऊन पडतं. माती, भुसा आणि शेण चार-पाच दिवस कुजवून तोच गारा लिंपा. शेजारी नाक दाबतील, दाबू द्यात.

आता चुना. लोखंडी पिंपात आधी पन्नास लिटर पाणी, मग थोडी थोडी करून १० किलो चुनकळी, म्हणजे न विरवलेल्या चुन्याचे खडे. उलटं केलंत तर उसळून थेट डोळ्यांत. प्लास्टिकची बादली वापरलीत तर बादलीच उरत नाही. २४ तास मुरवा, फडक्यातून गाळा, गरम पाण्यात विरघळवलेला २०० ग्रॅम डिंक घाला. मुरमाची छटा हवी तर काव, म्हणजे तांबडी रंगमाती, पण चुन्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आत. नाहीतर भिंतीला टेकलेल्या प्रत्येक पाहुण्याच्या पाठीवर घराची सही. ओला रंग गडद दिसतो, म्हणून आधी कोपऱ्यात हातभर पट्टा मारून रात्रभर वाळू द्या.

पोपडे खरवडून, भिंतीवर पाणी शिंपडून कुंचा मारा: एक हात उभा, एक आडवा, एकूण तीन. उन्हाची भिंत नको, चुना भराभर वाळून भुकटी होतो.

पहिला हात पाण्यासारखाच दिसतो. काका लगेच म्हणतात, 'पैसे पाण्यात!' उत्तर देऊ नका. सकाळपर्यंत भिंत आपोआप पांढरी होते आणि काका म्हणतात, मी सांगितलंच होतं.

लव्हेंडरचा हट्ट सुटत नसेल तर मेहुण्यांना आतलं फडताळ द्या. त्याला दार असतं.