दंतवैद्यक महाविद्यालय निवडताना तोंडाचा विचार करू नये

दंतवैद्यकाच्या प्रवेशासाठी महाविद्यालय निवडण्याची वेळ आली की घरातले कोणीतरी हमखास विचारते, "तिथे पेशंट किती येतात?" असा प्रश्न विचारणाऱ्याला चर्चेतून हळूच बाजूला करावे. दात दुखणारी, लाळ गाळणारी, सुई पाहून घाबरणारी माणसे कोणत्याही माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावर नसतात, त्याअर्थी ती महत्त्वाची नसावीत. पाहायचे ते इमारतीकडे. दर्शनी भागात संगमरवर आहे का, काचेचे दार माणूस जवळ येताच आपोआप सरकते का, आणि छायाचित्रातले विद्यार्थी पांढऱ्या कोटात एकाच दिशेला पाहून हसत आहेत का, एवढे तपासले की निम्मा निर्णय झाला. (छायाचित्रातले दात सहसा उत्तम असतात. ते त्याच महाविद्यालयात दुरुस्त झाले असतील, अशी अपेक्षा मात्र धरू नये.)

गेल्या वर्षी पुतण्याबरोबर मी अशाच एका महाविद्यालयात गेलो होतो. सभागृह, ग्रंथालय आणि व्यायामशाळा दाखवून झाल्यावर आम्हाला फिरवणारे गृहस्थ निरोपाच्या बेतात होते. फारच आग्रह धरला तेव्हा त्यांनी ओपीडीचे दार उघडले. आत खुर्च्यांच्या लांबच लांब रांगा होत्या आणि बहुतेक खुर्च्यांच्या डोक्याशी कारखान्यातून आलेले प्लॅस्टिकचे वेष्टन तसेच होते. चूळ टाकायच्या भांड्यातून मी सहज बोट फिरवले, तर बोटाला धूळ लागली. "नवीन दिसतात खुर्च्या," मी म्हणालो. "छे, सहा वर्षे झाली. आम्ही निगा फार राखतो," गृहस्थ अभिमानाने उत्तरले. कोपऱ्यातल्या एका खुर्चीवर मात्र खरोखरच एक माणूस होता आणि त्याच्या तोंडात सात विद्यार्थी डोकावत होते. त्याचे बत्तीसही दात शाबूत आहेत असे धरले, तरी प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम साडेचार आले. धर्माची गाय आणि दात का गं नाय, असे विचारू नये हे एक वेळ समजू शकते. पण पुरते पैसे मोजून घेतलेल्या गाईचेही दात मोजू नयेत, हा प्रवेशाच्या हंगामातला नवा शिष्टाचार आहे. आपण तो पाळावा.

कारण पेशंट मोजायला लागले की पुढचे सगळे कळू लागते. पदवीपूर्वी विद्यार्थ्याला अमुक इतकी फिलिंग, अमुक इतक्या दाढा काढणे, अमुक इतकी रूट कॅनाल आणि अमुक इतक्या कवळ्या स्वतःच्या हाताने करून दाखवाव्या लागतात, आणि या कामाला विद्यार्थी सरळ 'कोटा' म्हणतात. पेशंटची वर्दळ असली की कोटा रांगेतून भागतो. ती नसली की विद्यार्थ्याला स्वतःच शिकारीला निघावे लागते: मावशीची दाढ, वसतिगृहाच्या पहारेकऱ्याचा सुळा, आणि खोलीत राहणाऱ्या मित्राच्या त्याच त्या दातांचे चौथ्यांदा स्केलिंग, म्हणजे दातांवरचे किटण खरवडून काढणे. यातून वक्तृत्व, चिकाटी आणि नातेवाइकांना गाठण्याची कला अंगी बाणते. एवढे बहुमोल शिक्षण अभ्यासक्रमात छापलेले नसूनही मिळते, हे अशा संस्थांच्या बाजूने नमूद केलेच पाहिजे.

संपूर्ण कवळीचेच पाहा. पहिल्या भेटीत प्राथमिक माप घेतात, दुसऱ्या भेटीत पक्के माप, तिसऱ्या भेटीत वरचा आणि खालचा जबडा एकमेकांना कुठे आणि किती उंचीवर भेटतात ते ठरवतात, चौथ्या भेटीत मेणावर रचलेले दात तोंडात लावून पाहतात आणि पाचव्या भेटीत कवळी हाती देतात. त्यानंतर आजोबा सहाव्यांदा येतात, डाव्या बाजूला हिरडीत बोट ठेवून "इथे टोचतंय" म्हणतात, आणि विद्यार्थ्याला आपली तिसऱ्या भेटीतली चूक पहिल्यांदा दिसते. हा मनस्ताप टाळायचा असेल, तर आजोबा मध्येच येईनासे होतात असे महाविद्यालय शोधावे. तिथली कवळी कायम प्लास्टरच्या साच्यावर असते आणि साच्यावर ती तंतोतंत बसते. साचा बोलत नाही, त्यामुळे बोलताना कवळी खाली घसरण्याचा प्रश्न येत नाही, साच्याला टोचत नाही आणि साच्याला सूनही नसते, जी दाराशी उभी राहून "अजून किती खेटे?" असे विचारते.

फँटम हेडविषयी मात्र आपण भरभरून चौकशी करावी. सरावासाठी कृत्रिम डोके वापरण्याची कल्पना ऑस्वाल्ड फर्गस यांनी १८९४ साली मांडली आणि तेव्हापासून दंतवैद्यकाला याहून समजूतदार पेशंट मिळालेला नाही. त्याला जीभ आडवी घालण्याची सवय नसते, लाळ सुटत नाही, उबळ येत नाही, आणि गाल दोन तास ओढून धरला तरी तो हूं की चूं करत नाही. आता मिनिटाला तीन लाखांहून अधिक फेरे घेणारे एअरोटर, म्हणजे दात कोरायचे यंत्र, आयुष्यात पहिल्यांदाच जिवंत माणसाच्या तोंडात धरू नये, हे मलाही मान्य आहे. दातावरचे कठीण कवच जाडीला जिथे सर्वाधिक असते तिथेही साधारण अडीच मिलिमीटरच भरते आणि हात त्याच्या आरपार जायला डोळ्याचे पाते लवण्याइतकाही वेळ लागत नाही. पण प्लॅस्टिकच्या दाढेवर उत्तम पोकळी कोरणारा हात आणि ओल्या, हलत्या, घाबरलेल्या तोंडात आरशातून उलटे पाहत तीच पोकळी कोरणारा हात, यांत काही महिन्यांचे अंतर असते. ते अंतर कुठे कापणार, असे विचारून माहिती देणाऱ्याला अडचणीत आणू नये. डोकी किती आहेत, तेवढे विचारून वहीत लिहावे.

बधिर करण्याच्या इंजेक्शनचेही तसेच. खालच्या जबड्याची एक बाजू बधिर करणारे इंजेक्शन अनुभवी हातांनाही कधीकधी हुलकावणी देते; सुई जिथे पोहोचली आणि मज्जातंतू जिथे आहे, यांत थोडा फरक पडला की सगळे मुसळ केरात. पुष्कळ ठिकाणी विद्यार्थी पहिले इंजेक्शन एकमेकांनाच देतात, आणि समोरच्याने "ओठ जड झाला का?" असे विचारल्यावर आपला ओठ अजिबात जड झालेला नाही हे कळण्याचा अनुभव माणसाला बरेच काही शिकवतो. तो नको असेल तर पडद्यावरच्या चित्रांतून इंजेक्शन शिकवणारी संस्था धरावी. चित्रातला पेशंट कधीही "डॉक्टर, अजून दुखतंय" म्हणत नाही.

शिक्षकांच्या बाबतीत प्रवेशद्वाराजवळचा फलक वाचावा आणि नावांपुढच्या पदव्यांची अक्षरे मोजावीत. ती माणसे दुपारी अकरा ते दोन खुर्चीशेजारी उभी असतात का, हे पाहायला जाऊ नये. पोकळी कोरण्यापूर्वी एक सही, कोरल्यावर एक सही, भरल्यावर आणखी एक, अशा टप्प्याटप्प्याने काम तपासून घ्यायचे असते. वीस खुर्च्यांमागे एकच सर असले की पेशंट तोंड उघडे ठेवून आणि विद्यार्थी हात वर करून पाऊण तास एकमेकांच्या सहवासात काढतात, आणि डॉक्टर व रुग्ण यांच्यातला जिव्हाळा असाच वाढतो. शेवटी सर येतात, चालता चालता आरसा न लावता तोंडाकडे पाहतात आणि तिन्ही सह्या एकदम करतात.

याउलट काही चिकट शिक्षक असतात. वरच्या पहिल्या दाढेला मुळे तीन, पण मुळांतल्या नलिका बहुधा चार असतात आणि चौथी अशी काही दडून बसलेली असते की ती शोधण्यात अख्खी दुपार जाते. चिकट मॅडम म्हणतात, "सापडेपर्यंत भरायचं नाही." दयाळू सर तिन्ही नलिका भरायला सांगून एक वाजता सोडतात. दाढ पुढे दुखेल तेव्हा पेशंट भलत्याच गावी असेल आणि आपले जर्नल मात्र पूर्ण असेल. तसेच रबर डॅमचे. दात तोंडातल्या ओलाव्यापासून वेगळा करणारा हा रबरी पडदा सॅनफर्ड बार्नम यांनी १८६४ साली पहिल्यांदा वापरला, आणि एवढी जुनी गोष्ट वापरणे अद्ययावत संस्थेला शोभत नसल्यामुळे कित्येक कपाटांत त्याची पाकिटे बंदच असतात.

जुन्या दाखल्यांच्या नादी तर लागूच नये. जगातले पहिले दंतवैद्यक महाविद्यालय बाल्टिमोर येथे १८४० साली सुरू झाले, तेव्हा पहिल्या वर्गात पाच विद्यार्थी होते आणि पुढच्या वर्षी पदवी घेऊन बाहेर पडले दोन. आजच्या कोणत्याही प्रवेश समुपदेशकाने त्या संस्थेचे नाव यादीतून तत्काळ खोडले असते. ल्यूसी हॉब्ज टेलर यांचे उदाहरण तर त्याहून वाईट. बाई म्हणून महाविद्यालयाने प्रवेश नाकारला, तेव्हा त्यांनी सरळ दवाखाना थाटून काही वर्षे लोकांचे दात पाहिले. मग त्याच महाविद्यालयाने त्यांना घेतले आणि १८६६ साली त्या दंतवैद्यकाची पदवी मिळवणाऱ्या पहिल्या महिला ठरल्या. आधी पेशंट आणि मग संगमरवर, असा उलटा क्रम कोणाच्या मुलामुलींपुढे ठेवू नये.

किरकोळ गोष्टींत फार वेळ घालवायचे कारण नाही. उपकरणे १२१ अंश सेल्सियसला पंधरा मिनिटे वाफेच्या दाबाखाली राहिली का, आणि ऑटोक्लेव्हमधले, म्हणजे वाफेने निर्जंतुक करणाऱ्या त्या यंत्रातले, जंतू खरोखर मरतात की नाही याची बीजाणू (जंतूंची सहज न मरणारी अवस्था) लावून दर आठवड्याला चाचणी होते का, ती नोंदवही मागणे असभ्यपणाचे आहे. पदवीनंतर जिथे काम करायचे आहे तिथली परवाना देणारी संस्था ही पदवी मानते का, हा प्रश्न पदवी मिळाल्यावर विचारला तरी चालतो. तेव्हा उत्तर ऐकायला भरपूर मोकळा वेळ असतो. आपण डावखुरे असाल तर ते कोणाला सांगू नका. खुर्चीचा ट्रे, नळ्या आणि चूळ टाकायचे भांडे बहुतेक ठिकाणी उजव्या हातासाठी बसवलेले असते, आणि डावखुऱ्यांसाठी एखादी तरी खुर्ची आहे का, असे विचारणारा उमेदवार पुढे पाठदुखीबद्दलही बोलू लागेल, अशी सार्थ भीती संस्थेला वाटते.

एवढे सगळे पाळून प्रवेश घेतलात, की साधारण पहिल्या-दुसऱ्या वर्षात एक लहानशी अडचण येऊ शकते. अक्कलदाढ सतराव्या वर्षानंतर विशीच्या आगेमागे यायला लागते, आणि ती वाकडी असली तर रात्री अडीच वाजता जबडा असा काही ठणकतो की माणूस भिंतीवर डोके टेकून उभा राहतो. अशा वेळी आपल्या महाविद्यालयाच्या स्वच्छ, कोऱ्या, वेष्टनातल्या खुर्च्यांकडे जाऊ नये. तिथे आपण सात जणांचा कोटा व्हाल. गावाबाहेर कुठेतरी एक जुनाट इमारत असेल, जिच्या जिन्यात पेशंट बसलेले असतात आणि जिथल्या पंख्याचा आवाज येतो. तिथे सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढावा. आपला नंबर यायला दुपार होईल, तेव्हा वाचायला आपल्या महाविद्यालयाचे माहितीपत्रक बरोबर न्यावे. कागद चांगला जाड असतो, वारा घ्यायलाही उपयोगी पडतो.