श्रूजबेरीच्या गावाला

मावशी आणि काका पुण्याहून आमच्याकडे बर्मिंगहॅमला यायचं ठरलं, तेव्हाच मावशीनं फोनवर बजावलं होतं, "ते लंडन-बिंडन राहू दे. मला श्रूजबेरीला ने."

पुण्यात वाढलेल्या माणसाला श्रूजबेरी म्हणजे बिस्किट. कॅम्पातली ती बेकरी, सकाळची ती रांग, आणि आपला नंबर यायच्या आत माल संपेल ही धाकधूक. हे एखाद्या गावाचं नाव असेल अशी शंका मला इंग्लंडला येईपर्यंत आली नव्हती. मावशीला मात्र ते कुठूनसं कळलं होतं, आणि सोसायटीतल्या पाच घरांना "ओरिजिनल आणते, थेट गावातून" असा शब्द देऊन ती विमानात बसली होती. आमच्यासाठी येताना काय आणलं? कॅम्पातली श्रूजबेरी, दोन किलो.

तर एका शुक्रवारी आम्ही निघालो. बर्मिंगहॅमपासून रेल्वेनं तासाभराचा रस्ता, वेल्सची सीमा जवळ. सेव्हर्न नदीनं गावाला घोड्याच्या नालेसारखा विळखा घातलाय. कोरड्या पायांनी आत शिरायला एकच अरुंद बाजू, तिथं लाल दगडाचा किल्ला आणि किल्ल्याच्या पायथ्याशी स्टेशन.

स्टेशनातून बाहेर पडायलाच आम्हाला पंचवीस मिनिटं लागली. काका मध्य रेल्वेतून निवृत्त झालेले. प्लॅटफॉर्मच्या टोकाला एक उंच, लांबलचक सिग्नल केबिन आहे, १९०३ सालची. आत १८० लिव्हर, आणि हातानं लिव्हर ओढून चालणाऱ्या, अजून वापरात असलेल्या केबिनींमध्ये ही जगात सगळ्यात मोठी. हे मी काकांना सांगायला नको होतं. ते तिकडे तोंड करून जे उभे राहिले ते हलेचनात. "एक सिग्नल पडू दे, मग जाऊ." एक पडला. "आता गाडी आत येऊ दे." गाडी आली. तोवर मावशीनं बाकावर बसून स्वेटर घातला, काढला आणि पुन्हा घातला.

गावाच्या नावाचा उच्चार काय, हे गावालाच ठाऊक नाही. कोणी श्रोझबरी म्हणतं, कोणी श्रूझबरी, आणि दोन्हीकडची माणसं समोरच्याला कमी शिकलेला तरी समजतात नाही तर शिष्ट. स्टेशनाबाहेर रस्ता विचारला त्या बाई 'श्रोझ' म्हणाल्या, पुढच्या वळणावरचे आजोबा 'श्रूझ'. मावशी म्हणाली, "आधी घरात बसून एकदा ठरवून घ्या म्हणावं. आम्ही तिकडे श्रूजबेरी म्हणतो आणि लगेच बिस्किट मिळतं."

किल्ल्यापाशीच एक जुनी शाळा आहे. डार्विन तिथं शिकला. तो जन्मानंही इथलाच, १८०९चा. शाळेत आता वाचनालय आहे आणि दारात डार्विन खुर्चीत बसलाय. मावशीनं त्याच्याकडे हेव्यानं बघितलं. "हा बसलाय. मलाही जरा बसू दे." गुडघ्यांच्या दृष्टीनं हे गाव वाईटच. सगळे रस्ते नदीपासून वर चढतात, आणि वाइल कॉप नावाचा जो मुख्य चढ आहे त्याच्यावर मध्ये टेकायला पायरीसुद्धा नाही. तिच्या डार्विनदर्शनात दहा मिनिटं गेली.

तिथून जवळच एका दुकानाच्या भिंतीवर आमचं तीर्थक्षेत्र सापडलं. पाटीवर लिहिलेलं, की याच जागी पेलिन नावाच्या माणसानं १७६० साली श्रूझबरी केक पहिल्यांदा बनवले. (आपण बिस्किट म्हणतो त्याला इथं पूर्वी केक म्हणत.) मावशीनं पदर सावरला. मी तिचा फोटो काढला. काका चष्मा वर करून पाटी वाचत होते, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, की १७००च्या एका इंग्रजी नाटकात या केकांचा उल्लेख आहे.

"म्हणजे याच्या साठ वर्षं आधी?" काका खूश झाले. "मग हा पहिला कसा? ही आपली 'आमची कोठेही शाखा नाही'वाली पाटी आहे."

पाटीखालच्या दुकानात बिस्किटं नव्हती. मावशीनं तरी आत जाऊन खात्री करून घेतली.

मग बाजार. मार्केट टाउनचा बाजार म्हणताना माझ्या डोळ्यांपुढे काळ्या तुळयांची, कलत्या भिंतींची पांढरी घरं होती. तशी घरं गावात गल्लोगल्ली आहेत. साडेसहाशेहून जास्त इमारतींना सरकारी संरक्षण आहे, म्हणजे खिडकी बदलायची तरी अर्ज करावा लागतो. पण बाजाराची इमारत १९६५ची, उंच घड्याळाच्या मनोऱ्याची, थेट एखाद्या जिल्हा परिषदेसारखी. आणि बाजार वरच्या मजल्यावर! आत गेलं की मात्र जीव रमतो. खाटीक, भाजी, चीज, जुनी नाणी, मध्येच कोणी टेबलाशी नूडल्स ओढत बसलेलं.

मावशी प्रत्येक गाळ्यापुढे उभी राहून एकच प्रश्न विचारत होती, "श्रूजबेरी?"

"येस, लव्ह," भाजीवाली म्हणाली, "धिस इज श्रूझबरी."

"नो नो. बिस्किट श्रूजबेरी."

भाजीवालीनं शेजारच्या चीजवाल्याकडे पाहिलं. चीजवाल्यानं पावावाल्याला हाक मारली. पावावाला म्हणाला, त्याची आजी करायची. तिघांमध्ये थोडी चर्चा झाली, एकानं शेवटचं कधी खाल्लं ते आठवून बघितलं, आणि आम्हाला एका चहाच्या दुकानाचा पत्ता मिळाला.

तिकडे जाताना ग्रोप लेन लागते. वरचे मजले दोन्ही बाजूंनी एवढे पुढे आलेत की या खिडकीतून त्या खिडकीत विरजण देता येईल. काकांनी नावाचा अर्थ विचारला. मी म्हणालो, अंधारात चाचपडत जावं लागायचं म्हणून. चाचपडणं खरंच आहे. कोण कोणाला चाचपडायचं आणि त्याचे किती पैसे पडायचे, हे मावशीच्या भाच्यानं सांगण्यासारखं नाही.

गल्ली संपवून, दोन वळणं घेऊन चौकात आलो आणि मावशी थबकली. "हा कोण?"

चौकात १५९६ची जुनी बाजारइमारत आहे, जिच्यात आता सिनेमा दाखवतात, आणि तिच्यासमोर हा पुतळा. रॉबर्ट क्लाइव्ह. प्लासीवाला. गावाचा खासदार होता, १७६२ साली महापौरही. पुतळा बसवला १८६०मध्ये. २०२० साली तो काढा म्हणून बरीच मागणी झाली, पण राहिला.

आता मावशीचं माहेर देवगड तालुक्यातलं, विजयदुर्गच्या अलीकडचं. तिनं बंगालचं नाव काढलं नाही. तिनं सरळ आंग्र्यांचं काढलं.

"हाच ना विजयदुर्गावर आलेला? तुळाजी आंग्र्यांचं आरमार जाळलं तो?"

हाच. फेब्रुवारी १७५६. समुद्रातून ॲडमिरल वॉटसन, जमिनीवर क्लाइव्ह. लुटीचे वाटे कसे करायचे ते किल्ला पडायच्या आधीच ठरलेलं.

"पण त्यांना बोलावलं कोणी?" मावशी पुतळ्याकडे पाठ करून काकांकडे वळली. काकांचं घराणं नारायण पेठेतलं. "तुमच्या नानासाहेब पेशव्यांनी!"

"तुळाजी कोणाचं ऐकत नव्हता," काका म्हणाले.

"म्हणून घर जाळायचं? आणि वर त्याला जन्मभर कैदेत ठेवायचं?"

"इंग्रजांनी नंतर किल्ला दिला की परत."

"फुकट दिला? बाणकोट घेतला बदल्यात!"

दोन पर्यटक आमचा फोटो काढायला लागले. मी मध्ये पडलो नाही. एक तर मावशीचं बरोबर होतं, आणि दुसरं म्हणजे रात्री दोघेही माझ्याच घरी जेवणार होते. अखेर मावशीनं पिशवीतून तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा काढला आणि क्लाइव्हच्या पायाशी, त्याच्याकडे पाठ करून, बाकावर बसली. "याच्या नाकावर टिच्चून जेवते." चार पुऱ्या, कैरीचं लोणचं. काकांना दोनच दिल्या.

चहाच्या दुकानात बिस्किट मिळालं. एकदाचं. पातळ, गोल, मनुकांचे बारीक काळे तुकडे, लिंबाच्या सालीचा वास. तीन माणसांत तीन. मावशीनं कडेचा तुकडा मोडला. तो 'कट्' असा वाजला. तिनं भुवई वर केली, कारण आपली श्रूजबेरी मोडताना वाजत नाही, ती नुसती बोटांत विरघळते. चावून झाल्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही.

"लोणी कुठाय?"

मी म्हणालो, कृती खूप जुनी आहे, पूर्वी तर गुलाबपाणीसुद्धा घालायचे.

"जुनी असेल. लोणी कुठाय?"

परतीच्या गाडीला वेळ होता म्हणून गोल चर्च बघितलं, १७९२चं, सेंट चॅड्स. त्याच्या आवारात एक कबर आहे, एबनेझर स्क्रूजची. मावशीनं हात जोडले. मग मी सांगितलं, की हा डिकन्सनं कल्पनेतून काढलेला कंजूष माणूस, १९८४मध्ये इथं चित्रपटाचं शूटिंग झालं आणि त्यांनी केलेली शिळा इथंच राहून गेली. खाली कोणी नाही. मावशीला फसवल्यासारखं वाटलं असेल असं मला वाटलं, पण तिला भलतीच शंका. "एवढा काय कंजूष होता?" मी म्हणालो, शेगडीत कोळसा मोजून टाकायचा. "मग? भसाभस टाकायचा का?"

आता पाच घरांचा प्रश्न उरला होता.

स्टेशनाच्या वाटेवर एक चॅरिटी शॉप लागलं. इंग्लंडातल्या कुठल्याही जुन्या गावात अशी दुकानं असतातच. लोकांनी देऊन टाकलेले कप, कोट आणि जिगसॉ पझल, ज्यांतला एक तुकडा नेहमी कमी असतो. मावशी आत शिरली आणि मागच्या फळीकडे गेली. तिथं पत्र्याचे बिस्किटांचे जुने डबे होते, रिकामे. झाकणावर किल्ला, नदी, राजघराण्यातलं कुठलंसं लग्न. तिनं एकेक डबा उचलला, माठ घेताना टिचकी मारतात तशी मारली, झाकण घट्ट बसतंय का बघितलं, आत नाक घालून वास घेतला. पाच निवडले. गंज होता ते दोन परत ठेवून दुसरे घेतले.

"मावशी, रिकामे डबे पुण्याला नेणार?"

"रिकामे कशाला? मंगळवारी पोचते. बुधवारी सकाळी हे जातील कॅम्पात."

काका हूं की चूं न करता पाकीट काढत होते. "रांगेत मी," एवढंच म्हणाले.

डब्यांच्या बुडाशी चिकटवलेल्या किमतीच्या चिठ्ठ्या मावशी गाडीत बसल्यावर नखानं एकेक करून खरवडत होती.