कार्ड हवे, पण कागदी तिकीटही राहू द्यावे

ठाणे व नवी मुंबईच्या परिवहन बसमधील कागदी तिकीट पूर्ण बंद करून केवळ स्मार्ट कार्ड ठेवावे, अशी सूचना एका लेखात वाचली; ती मला घाईची वाटते. कार्डाला माझा विरोध नाही. उलट, २०१९ मध्ये सुरू झालेल्या नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्डात (देशभरातील बस-मेट्रोसाठीच्या सामायिक प्रवास कार्डात) शिल्लक रक्कम चिपमध्येच साठवलेली असल्याने मोबाइल नेटवर्क नसतानाही भाडे वळते होऊ शकते, आणि सुट्ट्या पैशांवरून वाहकाशी होणारी हुज्जतही त्यामुळे संपेल. मात्र ठाण्यातील घोडबंदर रस्त्यावरच्या गृहसंकुलांत घरकामाला येणाऱ्या स्त्रिया, बांधकामावरचे मजूर, दोन मुलांना घेऊन चढणारी आई यांचा विचार लेखात कुठेच नाही. एका कार्डावर तिघांचे भाडे कसे घ्यायचे आणि उतरताना कार्ड टेकवायचे राहिले तर किती रक्कम कापायची, याचे नियम बसमध्ये मराठीत ठळकपणे लावले पाहिजेत. रिझर्व्ह बँकेने २०२४ मध्ये केवायसीशिवाय (ग्राहकाच्या ओळखीची पडताळणी न करता) ३,००० रुपयांपर्यंत शिल्लक ठेवता येणाऱ्या प्रवासी कार्डांना परवानगी दिली आहे. तशी कार्डे वाहकाकडेच रोखीने मिळावीत व तेथेच त्यांत पैसे भरताही यावेत. ही व्यवस्था नीट बसेपर्यंत वाहकाच्या यंत्रातून निघणारे कागदी तिकीट बंद करू नये, अशी माझी दोन्ही महापालिकांना कळकळीची विनंती आहे.