‘मालिकांनी बायका बिघडवल्या’ या मेसेजला सोलापुरातून उत्तर

सध्या एक मेसेज सगळीकडे फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: पूर्वीची बाई समाधानी होती. पुण्या-मुंबईच्या लेखिकांनी तिच्या डोक्यात ‘माझी ओळख’ हे खूळ भरवलं, मालिकांनी ते घरोघरी पोचवलं, म्हणून आता संसार मोडतात. शिवाय हे बायकांनाच आवडतं, टीआरपी त्याच देतात. बाईची खरी ओळख म्हणजे तिचं घर. खाली हात जोडलेले आणि ‘पटलं तर पुढे पाठवा’. माझ्या ओळखीच्या शिकल्यासवरल्या सोलापूरकरांनीही तो पुढे पाठवला, याचं मला फार वाईट वाटलं. यातल्या बऱ्याच मुद्द्यांची उत्तरं आपल्याच जिल्ह्यात आहेत.

‘पूर्वीची बाई समाधानी होती’ इथून सुरुवात करू. पूर्वीची म्हणजे कधीची? मंगळवेढ्याची कान्होपात्रा घ्या. गणिकेच्या पोटी जन्मलेली, म्हणून आईचाच धंदा तिनेही करावा, ही समाजाची अपेक्षा. तिने नकार दिला. बीदरच्या बादशहाचं बोलावणं आलं तेव्हा ती पंढरपूरला विठ्ठलाच्या पायाशी गेली आणि तिथेच तिने देह ठेवला, असं परंपरा सांगते. चोखोबांची बायको सोयराबाई. तिने विचारलं, ‘देहासी विटाळ म्हणती सकळ । आत्मा तो निर्मळ शुद्ध बुद्ध ॥’ आणि जनाबाईने तर सांगूनच टाकलं, ‘डोईचा पदर आला खांद्यावरी । भरल्या बाजारी जाईन मी ॥’ दरवर्षी आषाढीला लाखो माणसं यांचे अभंग गात आपल्या जिल्ह्यात येतात. तेव्हा टाळ वाजवायचा आणि तोच आवाज आजच्या सुनेने काढला की तिला बिघडलेली ठरवायचं, हे मला समजत नाही.

संतांचं सोडा म्हणाल, तर 1882 साल घ्या. त्याच्या आदल्या वर्षी सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला स्वतःच्या तान्ह्या बाळाच्या हत्येबद्दल शिक्षा झाली आणि वर्तमानपत्रांतून सगळ्या स्त्रीजातीवर चिखलफेक सुरू झाली. बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी त्यावर ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिलं. जे दोष बाईला लावता ते तुमच्यात नाहीत काय, हा त्यांचा सवाल होता. तेव्हा कुठली मालिका चालू होती?

आता ‘पुण्या-मुंबईच्या लेखिकांनी भरवलेलं खूळ’. इथे मला जरा थांबायचं आहे, कारण या ओळीत आपल्या जिल्ह्यातल्या एका बाईचा अपमान आहे. शांताबाई कांबळे, जन्म 1923, गाव महूद. महार घरातली मुलगी. ज्या काळात त्या समाजातल्या मुलीला शाळेत बसणंच मुश्कील, त्या काळात त्या शिकल्या आणि 1942 मध्ये सोलापूर जिल्ह्यात शिक्षिका झाल्या. जिल्ह्यातल्या पहिल्या दलित शिक्षिका म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. निवृत्त झाल्यावर त्यांनी स्वतःचं आयुष्य लिहून काढलं. ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ हे पुस्तक 1986 साली आलं. दलित स्त्रीने लिहिलेल्या सुरुवातीच्या आत्मकथनांपैकी ते एक. शीर्षकातली भाषा बघा, ती महूदच्या घरातली आहे. त्यात भूक आहे, जात आहे आणि बाई असल्याचा जाच आहे. तिघांशी एकदमच झगडावं लागतं. ‘मी कोण’ हा प्रश्न शांताबाईंना कुणी बाहेरून आणून दिला नव्हता, त्यांच्या वाट्याला आलेल्या दिवसांनीच तो त्यांच्यापुढे टाकला होता.

आणि हेही लक्षात घ्या की 1990 मध्ये याच पुस्तकावरून दूरदर्शनवर ‘नाजुका’ ही मालिका झाली. म्हणजे दूरचित्रवाणीने एका दलित शिक्षिकेची खरी गोष्ट लोकांच्या घरात नेली होती. माध्यम तेच होतं, दाखवणाऱ्यांनी निवड वेगळी केली होती.

पुण्याच्या लेखिकांबद्दलही एक सांगायलाच हवं. विभावरी शिरूरकर या नावाने लिहिणाऱ्या मालतीबाई बेडेकरांच्या ‘कळ्यांचे निःश्वास’वर 1933 साली केवढं वादळ उठलं. त्याच मालतीबाईंनी पुढे सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये शिक्षणाचं काम केलं. सरकारने ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमाती तिथे काटेरी तारेच्या आत डांबल्या होत्या. तिथलं जगणं जवळून पाहून त्यांनी ‘बळी’ ही कादंबरी लिहिली, ती 1950 मध्ये आली. पोट भरलेल्या बायकांचं फॅड असतं, तर त्या तारेच्या आत कशाला गेल्या असत्या?

‘मालिका संसार मोडायला शिकवतात.’ ज्यांची नावं घेऊन हा आरोप होतो, त्या दोनच मालिका पाहू. ‘माझ्या नवऱ्याची बायको’मध्ये संसार कुणी मोडला? गुरुनाथने. ‘आई कुठे काय करते’मध्ये? अनिरुद्धने. दोन्हीकडे नवऱ्याचं बाहेर प्रकरण आहे, आणि मेसेजमध्ये बोट मात्र त्यांच्या बायकांकडे, राधिका आणि अरुंधतीकडे दाखवलं आहे. माझी मालिकांबद्दलची तक्रार नेमकी उलटी आहे. या बायकांना नकार देण्याची परवानगी मिळते, पण आधी त्यांनी वर्षानुवर्षं सोसून दाखवावं लागतं. स्वयंपाक चोख हवा, सासू-सासऱ्यांची सेवा हवी, चारित्र्यावर डाग नको, मग कुठे प्रेक्षक तिच्या बाजूने उभा राहणार. अरुंधती घटस्फोट घेते, दुसरं लग्न करते, तरी कथा फिरून फिरून त्याच ‘समृद्धी’ बंगल्यात येते. सोसणं हीच पात्रता, हे मालिका शिकवतात. बंड शिकवायला लागतं ते धाडस त्यांच्यात दिसत नाही.

सोलापूर शहराच्या आमच्या पूर्व भागात, विडी वळणाऱ्या बायकांच्या घरात, संध्याकाळी टीव्ही चालू असतो, पण बाई तो बघत नसते, ऐकत असते. मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं आणि तंबाखू. पान वळायचं, तोंड दुमडायचं, दोरा गुंडाळायचा, पुढचं पान घ्यायचं. मजुरी हजार विड्यांवर मिळते आणि मोजणीत वाईट म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांचे पैसे हातात पडत नाहीत, म्हणून नजर वर करून चालत नाही. शेजारच्या अक्का एकदा नायिकेचं रडणं ऐकून म्हणाल्या, “हिला कामाला जायला कोण अडवलंय? जा की.” त्यांनी विडीवर तीन लेकरं शिकवली आहेत. त्यांच्यासारखी बाई, तिचे तंबाखूने काळवंडलेले हात, मी मालिकेत नायिका म्हणून पाहिलेले नाहीत.

संसार मोडण्याचा आकडाही बघू. 2011 च्या जनगणनेत देशात घटस्फोट झालेल्यांपेक्षा नुसतेच वेगळे राहणारे दुपटीहून जास्त होते, आणि त्यांत बायका अधिक. यातल्या कितीतरी जणी परित्यक्ता आहेत. कोर्ट नाही, पोटगी नाही, माहेरी आणून सोडलेल्या. ही घरं मालिका बघून मोडलेली नाहीत.

टीआरपीचा मुद्दा लहान आहे. काही निवडक घरांत काय चालू आहे आणि समोर कोण बसलं आहे, एवढंच त्या मोजणीत कळतं. चालू आहे म्हणजे पटलं आहे, असं नसतं. रात्री स्वयंपाकाच्या वेळी जे लागतं त्यातलंच निवडायचं असतं.

शेवटी ‘बाईची खरी ओळख तिचं घर’. घर बाईला प्रिय असतं, यात वादच नाही. पण घर दोघांचं असेल तर काम कुणाचं? केंद्र सरकारच्या 2019 च्या वेळ-वापर सर्वेक्षणात बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचा दिवसातला सरासरी वेळ 299 मिनिटं निघाला, पुरुषांचा 97. आणि घरकामाला हात लावणारे पुरुष चारातला जेमतेम एक. घर हीच ओळख असा मान असेल, तर पुरुषांनाही त्यात वाटा मिळायला हवा.

घराशी बाईचं नातं कसं असू शकतं हे सोलापूरजवळच्या कुंभारीला जाऊन बघा. विडी कामगार बायकांसाठी तिथे दहा हजार घरकुलं उभी राहिली, 2006 साली ती मिळाली. त्यासाठी या बायकांनी वर्षानुवर्षं मोर्चे काढले, दिवसाची मजुरी बुडवून. त्या वसाहतीला नाव आहे गोदूताई परुळेकरांचं. वारली आदिवासींच्या लढ्यात उतरलेल्या आणि त्यावर ‘जेव्हा माणूस जागा होतो’ लिहिणाऱ्या लेखिका. तिथल्या बाईला घर आणि स्वतःची ओळख यांतलं एक निवडावं लागलं नाही. स्वतः रस्त्यावर उतरली म्हणून तिला घर मिळालं. हिची गोष्ट कुणी रात्री साडेआठला दाखवणार असेल, तर मी रोज बघेन, आणि अक्कांनाही हातातलं सूप खाली ठेवून बघायला बसवेन.